निलगिरीच्या माहेरी

भारतातून आलेले आई-बाबा मॉल आणि मंदिराला कंटाळले, की ब्रिस्बेनकरांनो, त्यांना कनिंगहॅम गॅपला घेऊन जा. गाडीने दीडेक तास. तिथून माउंट कॉर्डोच्या लुकआउटपर्यंत जाऊन-येऊन 6.8 किलोमीटर. वाट नागमोडी, चढ मध्यम.

सुरुवातीला वर्षावन लागतं. ओलसर, अंधारं, वेलींनी गच्च. गोंडवाना वर्षावनांचा हा भाग जागतिक वारसा आहे. गोंडवाना हे नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आलं आणि एकेकाळी भारत-ऑस्ट्रेलिया त्या एकाच खंडात होते. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे तू परदेशात गेलाच नाहीस की!"

वर चढलं की उजेड वाढतो, निलगिरी सुरू होते. सर्दीला आपण वाफेत जिच्या तेलाचे थेंब टाकतो, ती मूळची इथलीच. नाव मात्र आपल्या डोंगरांचं. पानं खाली लोंबणारी, म्हणून सावली विरळ. टोपी हवीच. तेलामुळे ती भडकन पेटते. 2019 च्या वणव्यांत इथलंही जंगल जळालं. निलगिरीला जळक्या बुंध्यावरही पालवी फुटते. वर्षावनाला मात्र आग सोसत नाही.

लुकआउटवरून खाली फॅसिफर्नचं खोरं पसरलेलं दिसतं. निघण्याआधी वाट उघडी आहे ना, ते पाहा. पाणी भरपूर घ्या आणि उजेडात खाली उतरा.

परतताना आई म्हणाली, "तीन महिन्यांत आज पहिल्यांदा पाय दुखले. बरं वाटलं."