गुरुजींचे बिऱ्हाड

भोकरदन व जाफराबाद हे जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके. त्यांच्यापलीकडे बुलढाणा आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमा लागतात. शिक्षकांची निवड आता ‘पवित्र’ प्रणालीद्वारे, अभियोग्यता चाचणीतील गुण व उमेदवाराचा पसंतीक्रम पाहून होते. त्यामुळे कोल्हापूरचा वा कोकणातला तरुण, ज्या गावाचे नावही पूर्वी ऐकले नव्हते तेथे रुजू होऊ शकतो. नेमणूक एकाची होते. बिऱ्हाड मात्र चौघांचे येते.

त्या बिऱ्हाडाचा हिशेब कठीण असतो. सन 2000 पासून चालत आलेल्या शिक्षण सेवक योजनेनुसार पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शिक्षकाचे हे मानधन 6,000 रुपये होते. 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000 झाले. घरभाडे, दूध, किराणा, औषधपाणी आणि मूळ गावी राहिलेले आईवडील, हे सारे त्यातच भागवायचे. नियमित झाल्यावर मूळ वेतनच 29,200 रुपयांपासून सुरू होते. परंतु तोवरचा काळ कसोटीचा.

त्यातही पहिला प्रश्न घराचा. खेड्यात घरे स्वतःच्या कुटुंबापुरती बांधलेली असतात. भाड्याची खोली सहसा मिळत नाही. मग कुटुंब तालुक्याच्या ठिकाणी राहते आणि गुरुजी रोज ये-जा करतात. मुलांशी त्यांचा संबंध शाळेच्या घंटेपुरताच उरतो आणि पहिली संधी मिळताच बदलीचा अर्ज जातो. येथे खरे नुकसान शिक्षकाचे नव्हे, गावातील मुलांचे होते.

हे टाळणे व्यापारी कुटुंबांच्या हाती बरेच आहे. मारवाडातून लोटा-दोरी घेऊन आलेल्या कित्येक पूर्वजांना मराठवाड्यातील अशाच गावांनी ओसरी दिली, विश्वास दिला आणि पेढी उभी राहू दिली. आज त्याच घराण्यांतील मुले जालना, संभाजीनगर, पुणे येथे स्थिरावली असून गावातील वाड्यांची दालने कुलूपबंद आहेत. त्यातील दोन खोल्या अनामत न घेता माफक भाड्याने देता येतील. पहिले मानधन हाती येईपर्यंत किराण्याचे खाते उघडता येईल. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, नव्या घरातील गृहिणीला सणावाराचे बोलावणे जावे, तिच्या लेकरांना अंगणात सवंगडी मिळावेत. परक्या गावी माणूस पगारावर टिकतो खरा. परंतु रमतो तो शेजारावर.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चतुर्विध दानांपैकी ज्ञानदानासाठी समाज वर्गखोल्या बांधतो, वह्या-पुस्तके वाटतो. ते स्तुत्यच आहे. तथापि त्या वर्गात शिकवणाऱ्याच्या घरी चूल निश्चिंतपणे पेटली नाही, तर भिंती मुक्याच राहतील. कुलूपबंद दालनाची किल्ली गुरुजींच्या हाती देणे, हेही ज्ञानदानच होय.