कॉलेज निवडावं कसं आणि निवडल्यावर वापरावं कसं?

जून-जुलै उजाडला की होस्टेलमधल्या प्रत्येकाला गावाकडून एक तरी फोन येतोच. मामाचा मुलगा असेल, शेजारच्या काकूंची मुलगी असेल, नाहीतर शाळेतला एखादा ज्युनिअर. प्रश्न मात्र एकच, "दादा, कुठलं कॉलेज टाकू?" आणि आपण काय सांगतो? "टाक रे कुठलंही, सगळीकडे सारखंच!" किंवा "आमच्याकडे मात्र येऊ नकोस बाबा!" फोन ठेवतो आणि मेसला जातो. पण तिकडे कुणाच्या तरी घरी चार वर्षांच्या फीचा हिशोब मांडलेला असतो, बँकेच्या कर्जाचे कागद जमवलेले असतात. तेव्हा उत्तर जरा विचार करून द्यायला हवं.

एवढी कॉलेजं आली कुठून? पूर्वी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जागाच मोजक्या होत्या. पुण्याचं सी.ओ.ई.पी. १८५४ सालचं, त्याच्यासारखी थोडी सरकारी आणि अनुदानित कॉलेजं, बस्स. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि तालुक्या-तालुक्यात इंजिनिअरिंग पोचलं. शेतकऱ्याच्या पोराला घराजवळ डिग्री मिळू लागली, हा फायदा. पण पारख करायची जबाबदारीही विद्यार्थ्यावरच आली!

पारख कशी करायची?

१) मान्यता : ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता त्या वर्षाची आहे ना, हे आधी पाहावे. नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते, तर एन.बी.ए.चे एकेका ब्रँचचे. त्यामुळे "कॉलेज एन.बी.ए. आहे" असं कुणी सांगितलं तर "कुठली ब्रँच?" हा पुढचा प्रश्न विचारायचाच.

२) शिक्षक : ए.आय.सी.टी.ई.च्या निकषानुसार साधारण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. वेबसाइटवरची यादी वाचा, मग कॉलेजात जाऊन त्यातले किती जण भेटतात ते बघा. लॅबमध्ये मशीन आहे की नाही एवढ्यावर थांबू नका, ते शेवटचं कधी चालू केलं होतं ते तिथल्या मुलांना विचारा.

३) प्लेसमेंट : फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज छापतात. समजा ६० मुलांच्या वर्गात एकाला १२ लाख, २५ जणांना ३ लाख आणि बाकीच्यांना काहीच नाही. फ्लेक्सवर १२ लाखच येणार! म्हणून दोनच आकडे मागायचे : पास झालेल्यांपैकी किती टक्के लागले, आणि मधला पगार किती. मधला म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मध्यावर येतो तो. जी कॉलेजं एन.आय.आर.एफ.साठी माहिती भरतात, त्यांच्या वेबसाइटवर हे आकडे असतात.

४) फी : राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांना प्रवेश कॅप राउंडमधून झालेला लागतो, मॅनेजमेंट कोट्याला त्या मिळत नाहीत. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात १०० टक्के सवलत आहे. गावाकडच्या किती जणींना हे माहीत आहे? फोनवर एवढं एक वाक्य सांगितलं तरी एखादीचं शिक्षण वाचेल. आणि फीच्या जोडीला होस्टेल, मेस, एस.टी. यांचाही हिशोब धरायला विसरू नका.

आता ऑप्शन फॉर्म. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अनेक जण "हे नक्की मिळेल" असं वाटणारं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकतात. का, तर वरचं मिळालं नाही तर खालचंही जाईल ही भीती. प्रत्यक्षात यंत्रणा मेरिट क्रमाने एकेक विद्यार्थी घेते आणि त्याचे पर्याय वरून खाली तपासते. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. उलट पहिल्या राउंडमध्ये पहिलाच पर्याय मिळाला तर तो पक्का धरला जातो, पुढच्या राउंडला जाता येत नाही. म्हणजे 'सेफ' म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं! म्हणून आवडीप्रमाणे क्रम लावावा आणि यादी लांबलचक ठेवावी. राउंडचे बाकीचे नियम बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय फॉर्मला हात लावू नये.

'पुण्यातलंच कॉलेज पाहिजे' हाही एक हट्ट असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न असलेल्या कॉलेजांत अभ्यासक्रम तोच आणि विद्यापीठाचा पेपरही तोच, मग कॉलेज शिवाजीनगरला असो की शिरूर-दौंडकडे. (स्वायत्त कॉलेजांचं वेगळं, ती आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात.) फरक पडतो तो सोबतीचा, शिक्षकांचा आणि आजूबाजूला काय आहे त्याचा.

आणि आजूबाजूला काय आहे? कारेगावचंच उदाहरण घ्या. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावचा महागणपती पाहायला लांबून लोक येतात, पण त्याच्या शेजारची एम.आय.डी.सी. बघायला किती विद्यार्थी जातात? व्हर्लपूल, हायर, एल.जी., फियाटचा गाड्यांचा कारखाना, सगळं हाकेच्या अंतरावर. थर्मोच्या पेपरला आपण व्हेपर कॉम्प्रेशन सायकल घोकतो. फ्रिजच्या कारखान्यात तीच सायकल लाइनवर तयार होत असते : पत्रा वाकवणं, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर, पी.यू. फोम, गॅस भरणं, मग लीक टेस्ट. एकदा ते पाहिलं की ओरलला एक्स्टर्नलसमोर त-त-प-प होत नाही.

कंपनीत एकट्याने जाऊन गेटवर उभं राहिलात तर सिक्युरिटीवाला परत पाठवणार, हे उघड आहे. एच.ओ.डीं.चं पत्र घेऊन, गट करून जावं लागतं. पण त्याही आधी एक सोपी गोष्ट आहे. कारेगावात खोल्या घेऊन राहणारे कितीतरी कामगार आय.टी.आय. आणि डिप्लोमा झालेले आहेत. चहाच्या टपरीवर त्यांच्याशी बोला. रिजेक्शन का येतं, डाय बदलायला वेळ का लागतो, शिफ्ट बदलताना काय गडबड होते, हे त्यांना माहीत असतं. तुमचा बी.ई.चा प्रोजेक्ट तिथेच बसलेला असतो! मात्र बोलताना 'आम्ही इंजिनिअर' हा तोरा रूमवर ठेवून जायचा.

चार वर्षांची विभागणी साधारण अशी करावी. एफ.ई.ला एकच काम : एम-वन, एम-टू आणि ग्राफिक्स सोडवणे. बॅकलॉग राहिला की अनेक कंपन्यांच्या कॅम्पसला बसायलाच मिळत नाही. एस.ई.ला ज्या विषयाचं लेक्चर डोक्यावरून गेलं, त्याचा एन.पी.टी.ई.एल.चा कोर्स लावा. आय.आय.टी.चे प्राध्यापक तिथे फुकट शिकवतात, पैसे लागतात ते फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला. टी.ई.ला इंटर्नशिप खरी करा, नुसतं सर्टिफिकेट आणू नका. बाजा एस.ए.ई.सारख्या स्पर्धेत पोरं गाडी स्वतः वेल्ड करतात. तिथे हात काळे झालेल्याला इंटरव्ह्यूत बोलायला विषय सापडतो. आणि बी.ई.ला प्रोजेक्ट दुकानातून विकत आणू नका. "हा बेअरिंग इथे का वापरला?" या एका प्रश्नावर सगळा डोलारा कोसळतो.

होस्टेल हेही कॉलेजच आहे. लातूरचा, जळगावचा, बारामतीचा असे तिघं एका खोलीत राहतात. एक जण मॅथ्समध्ये पक्का, दुसरा सी प्रोग्रॅमिंगमध्ये, तिसऱ्याचं इंग्रजी बरं. पी.एल.मध्ये एकमेकांना शिकवलं तर तिघंही पार. शिक्षकांनाही एक विनंती : वर्षातून एकदा तरी पास झालेल्या आणि नोकरीसाठी वणवण केलेल्या माजी विद्यार्थ्याला बोलवा. पॅकेजवाल्या हिरोपेक्षा त्याचे दोन शब्द जास्त उपयोगी पडतील.

तेव्हा आता फोन आला की घाई करू नका. मार्क किती, आवड कशाची, घरची परिस्थिती काय, हे आधी विचारा. मग मान्यता, शिक्षक, मधला पगार, फी आणि ऑप्शन फॉर्म, या पाच गोष्टी सांगा. दहा मिनिटं लागतील. मेस काही एवढ्यात बंद होत नाही!