कायदा वाचवायला कंपन्या धावल्या!

सरकारी नियम म्हटला की उद्योगजगताच्या कपाळावर आठ्या पडतात. पण कॅलिफोर्नियात २०१० साली उलटंच घडलं. पर्यावरणाचा एक कडक कायदा टिकावा म्हणून चक्क बिझनेसवाले रस्त्यावर उतरले. त्या लढाईची ही गोष्ट.

तुमच्या ऑफिसमध्ये लिफ्टशेजारी 'गो ग्रीन'चं पोस्टर आहे ना? असणारच! वर्षातून एकदा, जून महिन्यात, सगळ्यांनी मिळून एक झाड लावायचं, एचआरने फोटो काढायचे, समोसे खायचे आणि परत येऊन एसी अठरावर ठेवून कामाला लागायचं. कॉर्पोरेट पर्यावरणप्रेम म्हणजे बहुतेकदा एवढंच. म्हणूनच ही गोष्ट ऐकायला जरा विचित्र वाटेल.

थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ या. सप्टेंबर २००६. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं ट्रेझर आयलंड. गव्हर्नर आहेत साक्षात 'टर्मिनेटर', म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. त्यांनी 'एबी ३२' नावाच्या कायद्यावर सही केली. फ्रॅन पॅव्हली आणि फॅबियन नुनेझ या दोन लोकप्रतिनिधींनी मांडलेल्या या कायद्याचं म्हणणं साधं होतं. २०२० पर्यंत राज्यातल्या हरितगृह वायूंचं उत्सर्जन पुन्हा १९९० च्या पातळीवर आणायचं. गाड्या, वीज, रिफायनऱ्या, कारखाने, कुणाचीच सुटका नाही. अंमलबजावणीची जबाबदारी राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाकडे.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्येच आली २००८ ची मंदी. घरं गेली, नोकऱ्या गेल्या. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात बेकारीचा दर १२ टक्क्यांच्या वर पोचला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रीमाँटचा टोयोटा-जीएमचा भलामोठा कार कारखाना बंद पडला. अशा वेळी 'हवामान वगैरे नंतर बघू, आधी पोटाचं बघा' असं कुणी म्हटलं, तर त्याला चूक कसं म्हणायचं?

गोम अटीत होती!

कॅलिफोर्नियात एक सोय आहे. पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा केल्या की एखादा प्रश्न थेट निवडणुकीच्या मतपत्रिकेवर येतो. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये असाच आला 'प्रपोझिशन २३'. कायदा रद्द करा, असं त्यात कुठेही म्हटलं नव्हतं. फक्त 'थोडे दिवस थांबवा' एवढंच. किती दिवस? तर बेकारी सलग चार तिमाही साडेपाच टक्के किंवा त्याखाली राहीपर्यंत.

वाटतं ना रास्त? आता गंमत बघा. राज्याच्याच विधिमंडळ विश्लेषकांनी जुना हिशेब काढला, तेव्हा १९७० पासूनच्या चाळीस वर्षांत असा काळ फक्त तीनदा आल्याचं दिसलं. म्हणजे हा स्वल्पविराम नव्हता, जवळजवळ पूर्णविरामच होता.

आणि या 'नोकऱ्या वाचवा' मोहिमेला पैसा कुणाचा? सर्वात मोठे देणगीदार होते व्हॅलेरो आणि टेसोरो. दोन्ही तेल कंपन्या, दोघींची मुख्यालयं टेक्सासमध्ये आणि दोघींच्या रिफायनऱ्या कॅलिफोर्नियात. सोबत कोक उद्योगसमूहातल्या एका कंपनीचे १० लाख डॉलर.

एका म्यानात दोन तलवारी

आता प्रश्न असा, की या सगळ्याला उत्तर कोण देणार? पर्यावरणवाले बोलले असते तर लोक म्हणाले असते, यांना काय जातंय बोलायला! नोकऱ्यांबद्दल बोलायचं तर नोकऱ्या देणाराच माणूस पुढे हवा. इथेच मोहिमेने डोकं लढवलं.

विरोधी आघाडीचे दोन सह-अध्यक्ष निवडले गेले. एक टॉम स्टायर, सॅन फ्रान्सिस्कोचे हेज फंडवाले, डेमोक्रॅट. त्यांनी स्वतःच्या खिशातून ५० लाख डॉलर काढले. दुसरे जॉर्ज शुल्ट्झ, पक्के रिपब्लिकन, रेगन यांचे परराष्ट्रमंत्री, तेव्हा वय वर्षं ८९! एरवी हे दोघं राजकारणात एका बाजूला बसले नसते. पण दोघांनी मिळून सांगितलं की हा डाव्या-उजव्यांचा प्रश्नच नाही.

मग सिलिकॉन व्हॅली जागी झाली. तिथल्या कंपन्यांची संघटना 'सिलिकॉन व्हॅली लीडरशिप ग्रुप' विरोधात उतरली. पीजी अँड ई ही बडी वीज कंपनीसुद्धा आली. गुंतवणूकदार जॉन डोअर आले. बिल गेट्स यांनी ७ लाख डॉलर दिले, 'टायटॅनिक' आणि 'अवतार'वाले जेम्स कॅमेरॉन यांनी १० लाख. आणि पुणेकरांनो, कॉलर ताठ करा! १० लाखांच्या आसपास देणाऱ्यांत सन मायक्रोसिस्टिम्सचे एक संस्थापक विनोद खोसलाही होते. त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला.

आता तुम्ही म्हणाल, यात यांचा स्वार्थ नव्हता का? होता की! चांगला रोकडा स्वार्थ होता. सोलर, बॅटरी, इलेक्ट्रिक गाड्या यांत पैसा गुंतवला होता तो कायद्याच्या भरवशावर. नियम ठरलेला असला की पुढच्या दहा वर्षांची एक्सेल शीट बनते. तो दर निवडणुकीला हलायला लागला की कुठलाही सीएफओ हात आखडता घेतो. म्हणून त्यांनी मतदारांना हिमनग आणि पांढऱ्या अस्वलांच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. इथली हवा, इथल्या नोकऱ्या आणि बाहेरच्या तेल कंपन्यांचा पैसा, एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं.

अर्थात सगळं श्रेय सूट-बूटवाल्यांना देऊन चालणार नाही. फुप्फुसांच्या आजारांवर काम करणारी अमेरिकन लंग असोसिएशन सोबत होती. रिफायनऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्या वस्त्यांमधले कार्यकर्ते दारोदार फिरले. शिवाय ही काही गरीब बिचाऱ्यांची लढाई नव्हती. कायदा वाचवणाऱ्यांनी सुमारे तीन कोटी डॉलर उभे केले, समोरच्यांनी सुमारे एक कोटी.

निकाल आणि नंतर

२ नोव्हेंबर २०१०. जवळपास ६२ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं. कायदा वाचला. बेकारी १२ टक्क्यांवर असताना, हे विसरू नका.

पण त्याच मतपत्रिकेवर 'प्रपोझिशन २६' मंजूर झालं. त्यामुळे राज्याला अनेक प्रकारची शुल्कं लावायला दोन तृतीयांश बहुमत सक्तीचं झालं. सगळ्यांचं लक्ष २३ नंबरवर असताना २६ नंबर बाजूने निघून गेला! आणि हिरवं असतं ते सगळं सोनं नसतं, हेही लवकरच कळलं. फ्रीमाँटचीच सोलिंड्रा ही गाजावाजा झालेली सोलर कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिकडे तो बंद पडलेला कार कारखाना मात्र टेस्लाने घेतला.

उत्सर्जनाचं काय झालं? २०२० चं टार्गेट राज्याने २०१६ मध्येच गाठलं, चार वर्षं आधी! २०१७ मध्ये बेकारीचा दर पाच टक्क्यांच्याही खाली होता. ती कायद्यामुळे उतरली असं कुणी म्हणणार नाही, पण कायद्यामुळे अडली नाही, एवढं नक्की. २०१६ मध्ये पुढचं टार्गेट ठरलं, २०३० पर्यंत १९९० पेक्षा ४० टक्के कमी. ते याहून बरंच अवघड आहे.

मग यात आपल्यासाठी काय? एवढंच, की झाड लावणं चांगलंच, पण कंपनीचं खरं मत कळतं ते नियम मोडीत काढायची वेळ आल्यावर. पुढच्या जूनमध्ये समोसा हातात असताना एचआरला सहज विचारून बघा. प्रदूषणाचा एखादा नियम सैल करायची मागणी येते, तेव्हा आपली कंपनी ज्या उद्योगसंघटनेची मेंबर आहे, ती कुठल्या बाजूने बोलते?

उत्तर मिळेपर्यंत एसी चोवीसवर ठेवायला हरकत नाही!