शिवारातले विज्ञान – भाग ६ : फळ स्वतःच बनवते पिकवणारा वायू

मागच्या भागात आपण फळाचा श्वास समजून घेतला. झाडावरून उतरवलेले फळही प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. या श्वासाचा वेग वाढवून फळ पिकवणारे संप्रेरक म्हणजे इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा हा साधा वायू झाडाच्या पेशी स्वतः तयार करतात.

उन्हाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या खापर परिसरात आणि वर सातपुड्यातल्या पाड्यांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतात. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या अनेक आदिवासी कुटुंबांना आमचूर विकून चार पैसे मिळतात. त्यासाठी फळ पाडाला लागण्याआधीच उतरवावे लागते, कारण एकदा गरात इथिलीन वाढले की आंबटपणा उतरतो, पिष्टाची साखर होते आणि गर मऊ पडतो. आमचुराला हवा असतो तो नेमका आंबटपणाच.

हा वायू बनतो कसा? सुरुवात मिथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून होते. पेशीतली ऊर्जा वापरून एक विकर त्याचे एस-अडिनोसिल मिथिओनिन बनवते. दुसरे विकर, एसीसी सिंथेज, त्यापासून एसीसी नावाचा छोटा रेणू तयार करते. तिसरे विकर, एसीसी ऑक्सिडेज, प्राणवायूच्या मदतीने एसीसीचे इथिलीन करते. या शेवटच्या पायरीत थोडे सायनाइडही निघते, पण पेशी लगेच त्याचे निरुपद्रवी अमिनो आम्लात रूपांतर करते. पेशीत मिथिओनिन थोडेच असते. म्हणून दुसऱ्या पायरीत सुटलेला गंधकाचा भाग पुन्हा मिथिओनिन बनवण्यासाठी वापरला जातो. एसीसी हा मधला दुवा १९७९ साली अ‍ॅडम्स आणि शांग फा यांग या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात शोधला. गंधकाच्या या फेऱ्याला आज यांग चक्र म्हणतात.

सहसा या साखळीचा वेग दुसरी पायरी ठरवते. कोवळ्या कैरीत एसीसी सिंथेज अगदी कमी असते. फळ पक्व झाले की ते वाढते, आणि तयार झालेले इथिलीन आणखी इथिलीन बनवण्याचा संदेश देते. आंबा, केळी, पपई, सीताफळ, चिकू ही फळे त्यामुळे उतरवल्यावरही पिकतात. द्राक्षे, लिंबू, डाळिंब यांत इथिलीनची अशी उसळी येत नाही, म्हणून ती झाडावरच तयार व्हावी लागतात.

फळाला मार बसला, चीर गेली किंवा कीड लागली तरी एसीसी सिंथेज वाढते. एक नासका आंबा आढी नासवतो या अनुभवामागे बुरशीबरोबर हा वायूही असतो. आमचुराच्या फोडीतही कापल्यामुळे इथिलीन वाढू लागते. पण कडक उन्हात पाणी उडाले की विकरांचे काम थांबते आणि आंबटपणा टिकून राहतो. फोडी लवकर, पातळ थरात वाळवायच्या त्या यासाठीच.

आढीचे शहाणपणही याच रसायनात आहे. गवताच्या थरांत फळाचा वायू भोवती राहतो आणि हवाही खेळते. हवाबंद पिशवीत प्राणवायू संपला की तिसरी पायरी अडते. फार उष्णतेतही या पायरीचे विकर मंदावते, त्यामुळे पत्र्याच्या तापलेल्या खोलीत केळी धड पिकत नाहीत. केळी पिकवण्याच्या खोलीत (रायपनिंग चेंबरमध्ये) म्हणूनच तापमान साधारण १६ ते १८ अंश ठेवतात, ठरावीक वेळ इथिलीन सोडतात आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू वापरता येतो. कॅल्शियम कार्बाइडला मात्र बंदी आहे. त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन इथिलीनसारखे काम करतो, पण कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही असतात.

पपई, केळी किंवा आंबा विकणाऱ्या शेतकरी आणि व्यापारी बंधुभगिनींना म्हणूनच कळकळीची विनंती : पक्व फळच उतरवा, मार लागलेले वेगळे काढा, हवा खेळती ठेवा आणि कार्बाइडच्या पुड्या कायमच्या बंद करा. पक्व फळाला ते विष लागतच नाही.

(पुढील भागात : कापसाची बोंडे उमलतात आणि पाने गळतात, त्यात इथिलीनचा वाटा)