केमोचं पोर्ट म्हणजे काय?

गटातल्या एखाद्या बाईची केमो सुरू झाली की बैठकीत आम्हाला हमखास विचारतात, "छातीत मशीन बसवतात म्हणे, जिवाला धोका तर नाही ना?"

ती मशीन नाही. त्याला पोर्ट म्हणतात. नाण्याएवढी छोटी डबी, वर रबरासारखा पडदा आणि डबीला जोडलेली मऊ, बारीक नळी. अमेरिकेत 1982 च्या सुमारास याचा वापर सुरू झाला. केमोची काही औषधं इतकी जहाल असतात, की हाताच्या शिरेतून बाहेर झिरपली तर कातडी जळते. पुन्हा पुन्हा टोचून शिराही कडक होतात. पोर्टची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोचते. तिथे रक्त भरपूर, म्हणून औषध लगेच पातळ होतं.

आधी रक्त तपासतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेव्हाच सांगा, लपवू नका. बहुतेक वेळा तेवढी जागाच बधिर करतात. मानेतली शीर सोनोग्राफीवर बघून सुई घालतात. नुसत्या अंदाजाने टोचलं तर फुफ्फुसाला इजा होण्याची भीती जास्त. मग गळ्याच्या हाडाखाली चीर देऊन कातडीखाली डबी ठेवतात आणि नळीचं टोक नीट जागी आहे का ते एक्स-रेवर बघतात. एका स्तनाचा कॅन्सर असेल तर पोर्ट शक्यतो दुसऱ्या बाजूला बसवतात. "सोनोग्राफीवर बघून करणार ना?" हे डॉक्टरांना खुशाल विचारावं. यात उद्धटपणा काही नाही.

खरी काळजी घरी आल्यावर. पोर्टला वेगळी सुई लागते. गावातल्या डॉक्टरांना साध्या सुईने तिथे सलाईन लावू देऊ नका, पडदा फाटतो. केमो नसली तरी डॉक्टर सांगतील त्या तारखेला पोर्ट धुवून घ्यावं लागतं, नाहीतर नळी तुंबते. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे, त्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. म्हणून पावसाळ्यातल्या तारखांचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

थंडी वाजून ताप आला, पोर्टची जागा लाल झाली, पू आला, हात किंवा मान सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. अचानक दम लागला तरी तेच.

खर्चाचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते पोर्ट बसवण्याआधीच कळलेलं बरं. पोर्टचं कार्ड मिळालं की त्याचा फोटो घरच्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि बाईची हरकत नसेल तर धुण्याची तारीख गटाच्या रजिस्टरमध्येही लिहा.