अजिंठ्याच्या भिंतीवरील पर्वत

पर्वताचें चित्र काढावयास सांगितलें कीं, आपल्या घरांतील मुलें तीन त्रिकोण काढतात, त्यांस निळा रंग देतात आणि मधून सूर्य उगवितात. यांत मुलांचा दोष नाहीं. चित्रांतील पर्वत कसा पाहावा हें त्यांस कोणी दाखविलेलेंच नसतें. तें दाखविणारा गुरु आपल्याच महाराष्ट्रांत आहे. तो म्हणजे अजिंठ्याचें पहिलें लेणें.

पांचव्या शतकांत वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे आम्हां ढाणकीकरांना परकें नसलेलें वाशीम, येथून राज्य करीत होती. त्या शाखेंतील हरिषेणाच्या काळीं अजिंठ्याचें काम भरास आलें. तेथील पद्मपाणि बोधिसत्त्व सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या मागचा पर्वत मात्र थोडेच लोक न्याहाळतात. त्यांतील खडक जणूं एकावर एक रचलेले चौकोनी ठोकळे. त्यांमध्यें मोर, वानर व किन्नर. शिळा, शिखरें, धातु, वृक्ष व निर्झर यांनीं पर्वत ओळखूं यावा, असें विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्र सांगतें. डोळ्यांस दिसतो तस्साच तो उतरावा असा आग्रह येथें नाहीं.

रंग तरी कोणते? गेरू, पिवळी माती, खडकांतच सांपडणारी हिरवी माती, काजळ आणि पांढरी. निळा राजावर्त तेवढा दूर बदक्शानांतून येई, म्हणून तो जपूनच वापरलेला आहे. म्हणजे पर्वत बहुतांशीं पर्वताच्याच मातीनें रंगविला गेला!

भरतमुनींनीं प्रत्येक रसास एक वर्ण दिला आहे : रौद्रास रक्त, अद्भुतास पीत, करुणास कपोत. ही योजना नाट्यासाठीं. चित्रकारानें ती जशीच्या तशी उचललेली नाहीं, पण तिचें मर्म ओळखलें. पर्वताचे तांबूस व हिरवट रंग त्यानें मंद ठेविले, म्हणून बोधिसत्त्वाची उजळ काया आणि खालीं वळलेली करुणार्द्र दृष्टि यांवरच मन स्थिरावतें. छापील चित्र घेऊन तळहातानें ती आकृति झांकावी, म्हणजे पर्वत किती मुका आहे तें कळतें. हात काढतांच त्या मौनाचा अर्थ लागतो.

हीं चित्रें अमर नाहींत. पूर्वीं रक्षणासाठीं लावलेलें रोगण पुढें पिवळें पडलें; प्रेक्षकांच्या श्वासांतील ओलावाही त्यांस बाधतो. म्हणून सहकुटुंब जावें तें थोडें थांबून, शांतपणें पाहण्यासाठीं. आणि परतल्यावर मुलांस पैनगंगेकांठच्या टेकड्या सकाळीं व सायंकाळीं दोनदां रंगवावयास सांगावें. दोन्ही वेळां निळा रंग संपला नाहीं, तर यात्रा सफल झाली असें समजावें.