साहेबाचे कारभारी, स्वराज्याचे सचिव

१९४६ साली मुंबई इलाख्यात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे गेलं. मोरारजी स्वतः १९३०पर्यंत इंग्रजांच्या नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. त्यांचे संसदीय चिटणीस झाले यशवंतराव चव्हाण, बेचाळीसच्या ‘चले जाव’ आंदोलनात साताऱ्यात भूमिगत राहून पुढे तुरुंगात गेलेले. ज्या पोलिसांना चुकवत रात्री काढल्या, त्यांच्याच खात्याच्या फायली आता त्यांच्यापुढे येऊ लागल्या. सूड घ्यायचा तर याहून सोयीची जागा नव्हती.

तसं झालं नाही. बेचाळीसच्या लाठ्या-गोळ्यांचा हिशेब मागणारे पुष्कळ होते. निवडणुकीच्या सभांतून तशी भाषणंही झाली. पण सत्ता हाती येताच दंगली आणि फाळणी दारात उभ्या राहिल्या. इंग्रजांच्या सर्वोच्च प्रशासकीय सेवेत, आयसीएसमध्ये, तेव्हा हजाराच्या आसपास माणसं होती. त्यांतले निम्म्याच्या जवळपास गोरे, आणि ते बहुतेक निघून चालले होते. उरलेल्यांनाही घरी बसवलं असतं, तर जिल्हे चालवायचे कुणी?

वल्लभभाई पटेलांनी उत्तर दिलं आणि ते निभावलंही. भारतीय अधिकाऱ्यांना पगार, रजा, पेन्शन यांची जुनी हमी मिळाली आणि ती थेट राज्यघटनेत, ३१४व्या कलमात बसली. संविधान सभेत अनंतशयनम अय्यंगारांसारखे सदस्य चिडले. काल आपल्याला तुरुंगात घालणाऱ्यांना घटनेचं कवच कशाला? १० ऑक्टोबर १९४९ला पटेलांनी सभेला चांगलंच सुनावलं. दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि मन मोकळं करून बोलणारी अखिल भारतीय सेवा नसेल तर देश एकत्र राहायचा नाही, असा त्यांचा रोख होता.

फळं दिसली, हे कबूल करायला हवं. सुकुमार सेन या आयसीएस अधिकाऱ्याने १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. इंग्रजी अमलात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि ‘सर’ झालेले चिंतामणराव देशमुख नेहरूंचे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ला मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीच मंत्रिपद सोडलं. खुर्चीला चिकटलेल्या नोकरशहाचं चित्र त्यांना तरी लागू पडत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर १९४५ला लाल किल्ल्यात खटला चालला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी नेहरूंनी बॅरिस्टरचा झगा पुन्हा चढवला. स्वतंत्र भारताच्या सैन्यात मात्र त्या माणसांना परत घेतलं नाही. शिस्तीचं कारण पुढे आलं, आणि ते अगदी पोकळही नव्हतं. पण इंग्रजाशी इमान राखणाऱ्याला घटनेची हमी आणि ते मोडणाऱ्याला दार बंद, ही वाटणी आजही घशाखाली उतरत नाही. बेचाळीसच्या गोळीबारांची देशभर एकत्र अशी चौकशी तर झालीच नाही. देशाच्या मोठ्या भागात १८६१चा पोलीस कायदाही तसाच चालू राहिला, आणि घटना लागू झाल्याच्या पुढच्याच महिन्यात पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आणला. अंमलबजावणीला माणसं सरावलेलीच होती.

१९७२ला २८व्या घटनादुरुस्तीने ३१४वं कलम गेलं. त्याच वर्षी केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. कारभाऱ्यांचं पेन्शन त्याआधी बावीस वर्षं घटनेत सुरक्षित होतं. आयसीएसमधले शेवटचे अधिकारी निर्मल मुखर्जी १९८०ला निवृत्त झाले. मंत्रिमंडळ सचिव होते ते.